शाळा सर्वांची, प्रार्थना कुणाची?

सरकारी तिजोरीतला पैसा सर्व जनतेचा. तो एखाद्या धर्माच्या शाळेला द्यावा का? अमेरिकेत हा वाद १८४० पासून चालू आहे. बंधू-भगिनींनो, त्याचा इतिहास आपण समजून घेण्यासारखा आहे.

त्या काळी तिथल्या सार्वजनिक शाळा नावाला सर्वांच्या होत्या. पण वर्गात वाचले जाई ते प्रोटेस्टंट पंथीयांचे बायबल. आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिक मजुरांच्या मुलांनाही तेच ऐकावे लागे. न्यूयॉर्कचे कॅथलिक बिशप जॉन ह्यूज यांनी आपल्या शाळांसाठी सरकारी निधीत वाटा मागितला. तो मिळाला नाही. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात याच बायबलच्या वादातून दंगली पेटल्या. माणसे मेली, चर्च जळाली.

पुढे १८७५ मध्ये जेम्स ब्लेन यांनी घटनादुरुस्ती मांडली, की शाळांचा सरकारी पैसा कोणत्याही पंथाच्या हाती जाऊ नये. १८७६ मध्ये खालच्या सभागृहात ती १८० विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाली, पण सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतांअभावी पडली. गंमत म्हणजे, सिनेटच्या मसुद्यात शाळेतल्या बायबल-वाचनाला मात्र मोकळीक होती! म्हणजे 'पंथ' तो दुसऱ्यांचा. आपला तो सर्वांचा!

अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःची घटना असते. दुरुस्ती पडली तरी न्यूयॉर्कने १८९४ मध्ये, तसेच इतरही अनेक राज्यांनी अशी बंदी आपल्या घटनेत घातली. सरकारी शाळांतले धार्मिक बायबल-वाचन सुप्रीम कोर्टाने थांबवले ते थेट १९६३ मध्ये. आता वारे उलटे वाहते आहे. २०२० मध्ये मोंटाना आणि २०२२ मध्ये मेन राज्याच्या खटल्यांत कोर्टाने सांगितले, की खासगी शाळांना मदत देणार असाल तर केवळ धार्मिक म्हणून कुणाला वगळता येणार नाही.

आपल्या संविधानाने वेगळी वाट धरली. कलम २८ प्रमाणे संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत ते असले, तरी पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. आणि कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांची शाळा म्हणून अनुदानात भेदभाव करता येत नाही. मदत आहे, सक्ती नाही.

म्हणून पालकांनो, नुसते "पैसा कुणाला मिळाला?" एवढेच विचारू नका. वर्गात बसलेल्या एकट्या-दुकट्या वेगळ्या मुलाला नको म्हणता येते का, तेही विचारा. शाळा सर्वांची आहे की नाही, ते तिथेच कळते.