शेतांत उतरलेलीं विमानें

कोणतेंही नवें वाहन लोकांच्या अंगवळणीं पडण्यापूर्वीं तें त्यांच्या कौतुकाचा विषय होतें. अमेरिकेंत विमानाच्या वाट्याला हा कौतुकाचा काळ आला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९१८ सालीं युद्ध थांबलें, आणि वैमानिकांच्या शिक्षणासाठीं बांधलेलीं ‘जेनी’ जातीचीं पुष्कळ विमानें शिल्लक राहिलीं. सुमारें ५,००० डॉलर किंमतीचें हें विमान आतां कांहीं शें डॉलरांत मिळूं लागलें. लष्करांतून मोकळे झालेले तरुण तें विकत घेऊन गांवोगांव हिंडूं लागले. धान्याच्या कोठारांत प्रयोग लावणाऱ्या फिरत्या नाटकमंडळ्यांवरून त्यांच्या धंद्याला ‘बार्नस्टॉर्मिंग’ असें नांव पडलें.

गांवावर एक घिरटी घालावी, माणसें बाहेर जमलीं कीं एखाद्या शेतांत उतरावें आणि खेळ मांडावा. हवेंत कोलांट्या, पंखांवरून चालणें, छत्रीच्या आधारानें उडी. आणि अखेरीस दोन-चार डॉलर घेऊन हौशी गांवकऱ्यांस आकाशाची सफर! चार्ल्स लिंडबर्ग यानें १९२३ सालीं ५०० डॉलरांस घेतलेलें पहिलें विमान ‘जेनी’च होतें.

या धंद्याला कोणाची परवानगी लागत नसे. म्हणूनच टेक्सासमधील बेसी कोलमन या कृष्णवर्णीय तरुणीला त्यांत जागा मिळाली. मायदेशांतील विमानशाळांनीं दार लावलें, तेव्हां ती फ्रेंच भाषा शिकून फ्रान्सला गेली आणि १९२१ सालीं परवाना घेऊन परतली. आपल्या लोकांसाठीं विमानशाळा काढावी, हा तिचा मनोदय होता. त्यांना जेथें मज्जाव असे, तेथें ती खेळ करीत नसे.

परंतु ज्या मोकळिकीनें तिला आकाश दिलें, तिनेंच तिचा घातही केला. ३० एप्रिल १९२६ रोजीं जॅक्सनव्हिल येथें पुढील खेळाची जागा पाहण्यासाठीं ती यंत्रज्ञासह उडाली. खालीं नीट दिसावें म्हणून तिनें पट्टा बांधला नव्हता. विमानाच्या यंत्रणेंत एक सुटा पाना अडकला, जुनें ‘जेनी’ उलटलें आणि बेसी खालीं फेंकली गेली. यंत्रज्ञही वांचला नाहीं.

त्यानंतर अवघ्या वीस दिवसांनीं, २० मे रोजीं, हवाई वाहतुकीचा कायदा झाला. वैमानिकाला परवाना आणि विमानाला तपासणी आवश्यक ठरली. जुन्या विमानांचा या परीक्षेंत निभाव लागेना. टपालाच्या मार्गांवर वैमानिकांस कायमच्या नोकऱ्या मिळूं लागल्या. विमान नित्याचें झालें, तशी गर्दीही ओसरली. ज्यांनीं लोकांच्या मनांतील आकाशाची भीति घालविली, त्यांचेंच काम त्यामुळें संपलें.

बेसीचें काम मात्र संपलें नव्हतें. १९२९ सालीं विल्यम पॉवेल यानें लॉस एंजेलिस येथें तिच्या नांवाचा वैमानिक-संघ स्थापन केला, आणि तिला जी शाळा काढतां आली नाहीं, तिचे धडे तेथें सुरू झाले.