पिल्ले, धनराज
(१६ जुलै १९६८ – ). ख्यातनाम भारतीय हॉकीपटू व आघाडीचे खेळाडू. जन्म पुण्याजवळील खडकी येथे एका तमिळ कुटुंबात. वडील तेथील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. मोडक्या काठ्या व टाकून दिलेले चेंडू घेऊन भावंडांनी या खेळाचे प्राथमिक धडे गिरविले. पुढे थोरले बंधू रमेश यांच्यामागोमाग ते मुंबईस आले. तेथे महिंद्र अँड महिंद्र संघात ज्योकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

दिल्ली येथील आशिया चषक स्पर्धेत (१९८९) त्यांनी भारतातर्फे पदार्पण केले. प्रखर वेग व चेंडूवरील प्रभुत्व ही त्यांच्या खेळाची वैशिष्ट्ये होत. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉक येथील आशियाई क्रीडास्पर्धेत (१९९८) दक्षिण कोरियास नमवून ३२ वर्षांनी सुवर्णपदक मिळविले. तथापि लगेचच त्यांच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर ठेवण्यात आले. ‘विश्रांती’ हे त्याचे अधिकृत कारण होते. मानधनाबाबतच्या त्यांच्या तक्रारींशी त्याचा संबंध जोडला गेला. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, मलेशिया व बांगला देश येथील क्लबांतर्फेही ते व्यावसायिक हॉकी खेळले.

चार ऑलिंपिक (१९९२–२००४) व चार विश्वचषक स्पर्धा ते खेळले. त्यांपैकी एकाही ऑलिंपिकमध्ये भारतास उपांत्य फेरी गाठता आली नाही. हॉकीच्या या पडत्या काळात प्रेक्षकांना मैदानाकडे खेचणारा खेळाडू म्हणून त्यांचे महत्त्व विशेष आहे. अर्जुन पुरस्कार (१९९५), खेलरत्न (१९९९–२०००) व पद्मश्री हे सन्मान त्यांना लाभले.