सरसकट रोख मदत : पैसे कोणाच्या खात्यात?

उत्पन्नाची अट न घालता सरकार सर्वांना एकदाच ठरावीक रक्कम देते, तिला सरसकट एकरकमी मदत म्हणतात. अशा मदतीवर बोलताना ‘लोक पैसे उडवतात की साठवतात?’ एवढेच विचारले जाते. सामाजिक कामात असलेले आम्ही आणखी एक प्रश्न विचारतो : घरात ते पैसे कोणाच्या हाती पडतात? जपानचे 2020 मधील उदाहरण दोन्ही प्रश्नांसाठी उपयोगी आहे.

योजना काय होती?

कोरोनाकाळात उत्पन्न घटलेल्या कुटुंबांनाच 3 लाख येन द्यायचे आधी ठरले होते. एप्रिल 2020 मध्ये तो निर्णय बदलून प्रत्येक रहिवाशाला 1 लाख येन (तेव्हाचे सुमारे 70 हजार रुपये) देण्याचे ठरले. 27 एप्रिल रोजी रहिवासी नोंदवहीत नाव असणे एवढीच मुख्य अट होती. त्यामुळे तान्ही बाळे आणि नोंदणीकृत परदेशी नागरिकही पात्र ठरले.

पैसे कुठे गेले?

बँक खात्यांच्या नोंदींवरील अभ्यासांत दिसले, की रक्कम जमा होताच काही आठवडे खर्च वाढला. ज्यांच्या खात्यात शिल्लक कमी, त्यांनी जास्त वाटा खर्च केला. ज्यांच्याकडे पुंजी होती, त्यांचे पैसे बरेचसे खात्यातच राहिले. अर्थमंत्री तारो आसो यांनी पैसे बचतीत गेल्याची तक्रार केली. आम्हाला ती अपुरी वाटते. रोजगाराची शाश्वती नसताना बाजूला ठेवलेले पैसे म्हणजे पुढच्या महिन्याचे घरभाडे असते.

‘सर्वां’मध्ये कोण नव्हते?

हक्क प्रत्येक व्यक्तीचा होता, पण अर्ज कुटुंबप्रमुखाने करायचा आणि पैसेही त्यालाच मिळायचे. चौघांचे 4 लाख येन एकाच खात्यात! तिथेही कुटुंबप्रमुख म्हणून बहुधा पतीचीच नोंद असते. छळामुळे घर सोडून दुसरीकडे राहणाऱ्या स्त्रियांना स्वतंत्र अर्जाची सोय दिली गेली. त्याच घरात राहून सोसणारीचा वाटा मात्र पतीच्याच हाती गेला. नोंदवहीत नाव नसलेले बेघर लोकही अडले.

त्याच वर्षी भारतात महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा 500 रुपये जमा झाले. रक्कम तुटपुंजी होती आणि योजना सरसकट नव्हती; पण खाते तिच्या नावाचे होते.

म्हणून कोणतीही रोख योजना जाहीर झाली, की आकड्याच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात : यादी कोणती आणि खाते कोणाचे.