नळाचे घोडे आणि इंजिनाचा श्वास

श्रोतेहो, वर्धा नदीच्या काठचं कौंडण्यपूर तुम्ही रुक्मिणीचं माहेर म्हणून ओळखता. कृष्णाचा रथ एका रात्रीत आनर्त देशातून इथं कसा आला, ते कीर्तनात ऐकलेलं असतं. पण याच कुंडिनपुराशी दौडीची आणखी एक कथा जोडलेली आहे. ती महाभारताच्या वनपर्वात आहे, आणि आज इंजिनाबद्दल बोलायचं म्हणून मी मुद्दाम तीच घेतो.

दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी अयोध्येला पोचली, तेव्हा ऋतुपर्ण राजाला एका दिवसात कुंडिनपूर गाठायचं होतं. त्याचा सारथी बाहुक, म्हणजे वेषांतर केलेला नळ, तबेल्यात गेला आणि त्यानं निवडले ते अंगानं रोड घोडे! राजा वैतागला. पण नळानं मांस पाहिलंच नव्हतं. त्या घोड्यांचं जे वर्णन आहे त्यात एक खूण अशी, की त्यांच्या नाकपुड्या रुंद होत्या. वाटेत राजाचं उपरणं पडलं, आणि 'थांब' म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढं निघून गेला होता. संध्याकाळी ते कुंडिनपुरात पोचले.

नाकपुडी रुंद, म्हणजे श्वास मोठा. आणि श्वास मोठा, म्हणजे दम जास्त. इंजिनाचंही असंच आहे, बरं का. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. पंधरा किलो हवा म्हणजे एका लहानशा खोलीत मावेल तेवढी. तेल वाटेल तेवढं ओतता येतं, ते काही अवघड नाही. अडतं ते हवेपाशी. सिलिंडरात जेवढी हवा मावेल तेवढंच तेल जळणार आणि तेवढीच ताकद निघणार.

मग हवा कोंबायची कशी? लोहाराचा भाता आठवा. भाता मारायला माणूस लागतो. पण भट्टीतून बाहेर पडणाऱ्या धुरानंच भाता हलवला तर? स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरनं 1905 साली याच कल्पनेचं पेटंट घेतलं. इंजिनातून जळून बाहेर पडणारा वायू गरम आणि जोरदार असतो. एरवी त्याची शक्ती फुकट जाते. ब्यूखीनं त्या वायूच्या वाटेत पात्यांचं चाक ठेवलं, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक बसवलं. पहिलं फिरलं की दुसरं बाहेरची हवा ओढून सिलिंडरात दाबतं. हाच टर्बोचार्जर. आजच्या लहान मोटारींत हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो.

शिक्षकांनी वर्गात सांगावा असा एक प्रयोग आहे. उंच डोंगरावर हवा विरळ असते, तिथं माणसासारखंच इंजिनही धापा टाकतं. 1918 साली अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या सुमारे 4,300 मीटर उंच शिखरावर नेलं. टर्बोशिवाय तिथं त्याची अश्वशक्ती 230 वर आली होती. टर्बो लावल्यावर ती 356 झाली.

आता शर्यतीची गाडी. अमेरिकेत इंडियानापोलिसला 800 किलोमीटरची शर्यत होते. तिथं 1931 साली कमिन्स कंपनीची डिझेल गाडी एकदाही न थांबता धावली आणि तेरावी आली. टर्बो तिला नव्हता. 1952 साली त्याच कंपनीनं पुन्हा गाडी आणली. इंजिन ट्रकच्या जातीचं, सहा सिलिंडरांचं, 6.6 लिटरचं, पण वजन उतरावं म्हणून ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियममध्ये घडवलेलं, गाडी बुटकी राहावी म्हणून आडवं निजवलेलं, आणि वर टर्बो. ताकद 380 अश्वशक्तीच्या आसपास. डिझेलला मोठ्या इंजिनाची सवलत होती हे खरं. तरी पात्रता-फेरीत फ्रेड ॲगाबेशियन यांनी ताशी 138 मैलांचा, म्हणजे 222 किलोमीटरचा, वेग काढून सगळ्यांच्या पुढची जागा पटकावली. डिझेलच्या गाडीनं!

आणि शर्यतीत काय झालं? 200 पैकी 71 फेऱ्या झाल्या आणि गाडी थांबली. टर्बोचं हवा ओढायचं तोंड पुढं, खाली जमिनीलगत होतं. पुढच्या गाड्यांच्या टायरांचे झिजलेले रबराचे तुकडे त्यानं ओढले आणि तो चोंदला. इंजिनाचा दुसरा काही दोष नव्हता. नाक बंद झालं, एवढंच.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उन्हाळी नांगरटीच्या फुफाट्यात ट्रॅक्टर काळा धूर ओकायला लागला, की आधी एअर फिल्टर उघडून पाहावा. वावरात काम करणाऱ्या इंजिनाला रबर नाही, पण माती आहे, आणि टर्बोच्या पात्यांना ती रबरापेक्षाही वाईट.

साध्या मोटारीला टर्बो ठोकला की ती शर्यतीची झाली, असं काही तरुणांना वाटतं. तसं नाही. दाबलेली हवा तापते. तापून फुगलेली हवा कोंबून फायदा थोडा, म्हणून ती मधल्या एका जाळीतून थंड करून घ्यावी लागते. पेट्रोल इंजिनात दाब वाढला की मिश्रण ठिणगीआधी किंवा भलतीकडेच पेट घेतं आणि ठोके येतात. म्हणून पिस्टननं हवा दाबण्याचं मूळ प्रमाण कमी करावं लागतं. पिस्टन ओतीव नकोत, घडीव हवेत. हेडखालचं गॅस्केट, तेलाचा पंप, रेडिएटर, सगळंच बळकट करावं लागतं. एवढं करून मात्र काय निघतं पाहा: बीएमडब्ल्यूनं आपल्या रोजच्या मोटारींच्या बिडाच्या ब्लॉकवरून दीड लिटरचं चार सिलिंडरी इंजिन उभं केलं, त्यातून सहाशेंहून जास्त अश्वशक्ती काढली, आणि 1983 साली नेल्सन पिके त्याच इंजिनावर जगज्जेते झाले.

रबरानं हरलेली ती कमिन्स पुढं आपल्याकडंही आली. 1962 साली किर्लोस्करांबरोबर पुण्यात कोथरूडला कारखाना निघाला. 1997 साली किर्लोस्कर बाहेर पडले आणि त्याचं नाव कमिन्स इंडिया झालं. योगायोग असा, की 1962 सालीच मोरेश्वर दीक्षितांनी कौंडण्यपूरच्या टेकाडात उत्खननाला हात घातला होता.

नळाचा रथ कुंडिनपुरात शिरला, तेव्हा दमयंतीनं तो पाहिलाही नव्हता. मेघगर्जनेसारखा नुसता आवाज ऐकून तिनं ओळखलं, की घोडे नळ हाकतोय. संध्याकाळी कापसाचा भरलेला ट्रक चढावर लागला, की कान देऊन ऐका. इंजिनाच्या घरघरीवर एक बारीक शीळ चढत जाते. ती टर्बोची असते.