रहत मर्यादा

शीख धर्मीयाने कसे जगावे, उपासना कशी करावी आणि पंथाशी कसे बांधील राहावे हे सांगणारी आचारसंहिता. आज सर्वाधिक प्रमाण मानली जाणारी ‘सिख रहत मर्यादा’ अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९३६ मध्ये मंजूर केली आणि १९४५ मध्ये तीत दुरुस्त्या केल्या. रहत पाळली की ईश्वराची कृपा हमखास मिळते, अशी समजूत बाहेरच्या वाचकाची सहज होते. गुरूंची शिकवण तशी नाही.

रहतीची मुळे १६९९ च्या वैशाखीत आहेत. आनंदपूर साहिब येथे गुरू गोविंदसिंगांनी शिराची मागणी केली, तेव्हा पाच जण उठले. परंपरेनुसार ते लाहोर, हस्तिनापूर, पुरी, द्वारका आणि बिदर येथले, आणि त्यांच्यात पाणक्या, शिंपी व न्हावीही होते. हेच पंज प्यारे. लोखंडी भांड्यात पाणी व बत्तासे घालून, ते खंड्याने म्हणजे दुधारी शस्त्राने ढवळत गुरूंनी अमृत सिद्ध केले आणि या पाचांना दिले. मग त्याच पाचांपुढे हात जोडून स्वतःही त्यांच्याकडून घेतले. दीक्षा देणाऱ्या गुरूने शिष्यांकडून दीक्षा घ्यावी, ही या प्रसंगातली सर्वांत मोठी गोष्ट. रहत पाळणाऱ्याला स्वतःच्या पुण्याचा ताठा बाळगायला तिने जागाच ठेवली नाही.

अठराव्या शतकात भाई नंदलाल, चौपासिंग, देसासिंग आदींच्या नावांवर अनेक रहतनामे, म्हणजे रहतीचे नियम सांगणारे ग्रंथ, रचले गेले. त्यांत परस्परविरोध बराच आहे. सिंगसभा चळवळ आणि नंतरचा गुरुद्वारा सुधारणेचा लढा यांतून सर्वमान्य संहितेची गरज पुढे आली, आणि विसाव्या शतकातली मर्यादा त्या गरजेतून तयार झाली.

अमृतधारी, म्हणजे हे अमृत घेतलेल्या, शिखाने केश, कंगा, कडे, कृपाण आणि कछेरा हे पाच ककार धारण करायचे असतात. चार गोष्टी पूर्ण वर्ज्य : केस कापणे, कुठ्ठा म्हणजे हलाल पद्धतीचे मांस, परस्त्री किंवा परपुरुषाशी संबंध, आणि तंबाखू. अमृतवेळी, म्हणजे पहाटेच्या आधी, उठून स्नान करावे व नामस्मरण करावे. सकाळी जपुजी, जाप आणि दहा सवय्ये, संध्याकाळी रहिरास, झोपताना सोहिला असा नित्यनेम आहे. जातपात, शिवाशिव, श्राद्ध, मुहूर्त, जादूटोणा यांना मर्यादेत स्थान नाही. मुलींची हत्या व हुंडा यांचा निषेध आहे, पडदा नको म्हटले आहे, विधवेला पुनर्विवाहाची मुभा आहे. कष्टाची कमाई, तीतला वाटा पंथकार्याला, आणि सेवा हेही रहतीत येते. गुरुद्वारातली भांडी घासणे, जोडे सांभाळणे, लंगरात वाढणे ही कामे येथे हलकी मानत नाहीत. माणसाचा अहंकार जिरवायचा, तर ती कुठल्याही प्रवचनाहून अधिक उपयोगी आहेत.

सर्व शीख एकच मर्यादा पाळतात असे नाही. दमदमी टकसाळ, निहंग आणि अखंड कीर्तनी जथा या शीख गटांच्या रीती काही बाबतींत वेगळ्या आहेत. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमध्ये गुरू ग्रंथसाहिबांबरोबर दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो, म्हणजे तोही विधिपूर्वक उघडून ठेवतात, आणि दिव्यांची आरती होते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी याच गावी देह ठेवला आणि गुरुपद गुरू ग्रंथसाहिबाकडे सोपवले. म्हणून तेथील जुन्या रीतींना तिथले सेवक प्राणापलीकडे जपतात.

कृपेसाठी गुरुबाणीत नदर, मेहर, करम, किरपा, गुरप्रसाद असे अनेक शब्द येतात. जपुजीच्या आरंभीच्या मूलमंत्राचा शेवट गुरप्रसाद याच शब्दावर होतो. त्याच रचनेत गुरू नानकांनी आध्यात्मिक वाटचालीचे पाच खंड सांगितले : धर्म, ज्ञान, सरम, करम आणि सच. सरमखंड हा परिश्रमाचा आणि करमखंड कृपेचा, असा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. तसे पाहिले तर श्रम आधी आणि कृपा नंतर येते, पण कृपा ही त्या श्रमाची मजुरी ठरत नाही. माणूस कर्म करतो, मुक्तीचे दार मात्र नदरेनेच उघडते. नांदेडच्या तख्ताच्या नावातले ‘सचखंड’ हे या शेवटच्या खंडाचेच नाव.

मग रहत कशासाठी? गुरुबाणीच्या मते माणूस आणि ईश्वर यांच्यामध्ये ‘हउमै’ म्हणजे मीपणा उभा असतो. नाम, सेवा आणि शिस्त यांनी तो झिजतो. मी एवढे पाठ केले, माझी रहत तुझ्याहून कडक, असा हिशेब सुरू झाला की तीच रहत मीपणाला खतपाणी घालते. आनंदपूरच्या युद्धात भाई कन्हैया जखमी शत्रूंनाही पाणी पाजत होते. तक्रार झाली तेव्हा सर्वांत मला तुम्हीच दिसता, असे त्यांनी गुरूंना सांगितले. गुरूंनी त्यांना रागावण्याऐवजी जखमांवर लावायला मलम दिले, असे परंपरा सांगते. कृपेचे याहून स्वच्छ उदाहरण शीख इतिहासात शोधावे लागेल. गुरू ग्रंथसाहिबातील नामदेवांच्या ६१ पदांत देऊळ फिरल्याचे पद आहे. मराठी परंपरा हा प्रसंग औंढा नागनाथचा मानते. जातीमुळे बाहेर काढलेल्या भक्ताकडे देव वळला, हे शिखांना कृपेचे रूप म्हणूनच भावते.

रहतीत चूक झाली तर संगतीपुढे, म्हणजे जमलेल्या शीख मंडळीपुढे, किंवा तिने निवडलेल्या पंज प्याऱ्यांपुढे उभे राहून ती कबूल करायची असते. मिळणाऱ्या प्रायश्चित्ताला तनखाह म्हणतात. ती बहुधा हाताने करायच्या सेवेची असते, सोबत जादा पाठही असू शकतात. ती पुरी झाली की अरदास म्हणजे प्रार्थना होते. दोषी व्यक्तीने तनखाह स्वीकारताना हट्ट धरू नये आणि संगतीने क्षमा करताना ताणून धरू नये, असे मर्यादेत स्पष्ट नमूद आहे.