‘स्वेच्छेने’ परतलेली घरे

संग्रामपूर हे सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस वसलेले तालुक्याचे गाव. कामधंद्यासाठी गाव सोडावे लागणे ही गोष्ट या मुलखाला नवी नाही. मात्र येथला माणूस मुंबईस किंवा सुरतेस गेला, तर परत येण्याची मुदत त्याला कोणी घालून देत नाही. तो दिवाळीला येवो की चार वर्षांनी येवो, त्याचे घर त्याचेच राहते, आणि जेथे तो राबतो तेथे परत जाण्याचा त्याचा हक्कही शाबूत राहतो. समुद्रापलीकडे गेलेल्या माणसाला हे दोन्ही एकाच वेळी लाभत नाहीत. दोहोंपैकी एकाची निवड करणे त्याला भाग पडते, आणि ती निवड त्याने आपखुशीने केली अशी नोंद सरकारी दप्तरात होते. या लेखात आम्हांला या नोंदीविषयी लिहावयाचे आहे.

वऱ्हाडात बसून हा विषय घ्यावासा वाटला, त्यास एक निमित्त आहे. दक्षिण आफ्रिकेत १९४५-४६ मध्ये हिंदुस्थानचे हायकमिशनर म्हणून काम पाहणारे बॅरिस्टर रामराव देशमुख हे वऱ्हाडचे. तेथील हिंदी लोकांच्या जमीनधारणेवर निर्बंध घालणारा कायदा १९४६ मध्ये झाला, तेव्हा हिंदुस्थान सरकारने निषेध म्हणून त्यांना परत बोलावून घेतले. एका मराठी माणसाचे हे परत येणे इतिहासाच्या पुस्तकांत नोंदले गेले. पण त्याच देशातून त्याआधी चार दशके मराठी मुलखातील कितीतरी माणसे परत येत होती. त्यांची नोंद आपल्याकडे कोणी ठेवली नाही.

ही माणसे मुख्यतः कोकणातील मुसलमान होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील गावांमधून तरुण पुरुष केप टाउनला जाऊ लागले. नाताळमधील उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांचा इतिहास १८६० पासूनचा आहे आणि तो पुष्कळ लिहिला गेला आहे. कोकणातील हे लोक गिरमिटिये नव्हते. स्वतःच्या खर्चाने आगबोटीचे तिकीट काढून ते गेले, आणि दुकानांत, हॉटेलांत, गोदीत, मिळेल तेथे काम करू लागले. बायको गावी, म्हातारी आई गावी, भातशेती गावी, आणि कमाई केपला, अशी त्यांच्या संसाराची मांडणी होती. काही वर्षांनी गावी यावे, चार महिने राहावे, पुन्हा जावे, मुलगा हाताशी आला की त्यालाही घेऊन जावे, असा हा क्रम. यात त्यांना काही विपरीत वाटत नव्हते. एकच घर दोन किनाऱ्यांवर पसरले होते, इतकेच.

कायद्याने नेमके हेच अशक्य केले. केप वसाहतीने १९०२ मध्ये प्रवेशनिर्बंधाचा कायदा केला. आत येऊ इच्छिणाऱ्याने युरोपीय भाषेच्या लिपीत स्वतःचा अर्ज लिहून दाखवावा, अशी त्यात अट होती. ही युक्ती केपची स्वतःची नव्हे; नाताळने ती १८९७ मध्येच वापरली होती. कायद्यात वर्णाचा उल्लेख करावयाचा नाही आणि काम तर साधावयाचे, असा तिचा हेतू. १९०६ च्या कायद्यात यिडिश भाषेला युरोपीय म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यू लोकांची अडचण दूर झाली. देवनागरी, मोडी किंवा उर्दू लिहिणाऱ्यास मात्र तो कायद्याच्या दृष्टीने निरक्षरच होता. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हा तपशील लक्षात ठेवावा असे आम्हांस वाटते. लिपी ही संस्कृतीची खूण असते असे आपण वर्गात शिकवतो. येथे ती बंदराचा दरवाजा होती.

जे आधीपासून केपमध्ये राहत होते त्यांना या परीक्षेतून सूट होती, पण त्या सवलतीला मुदतीची दोरी बांधलेली होती. तात्पुरते गावी जावयाचे असेल तर परवाना घ्यावा लागे. त्यावर छायाचित्र असे, मुदत लिहिलेली असे, आणि मुदत टळली की परतीचा हक्क जाई. आईचे आजारपण, बहिणीचे लग्न, जमिनीचा तंटा ही गावाकडची कारणे. यांतले कोणते काम मुदतीत आटोपते? उशिरा पोचलेल्या माणसाला वर्षानुवर्षे राबलेल्या शहरात उतरता येत नसे. केपच्या प्रवेशखात्याच्या या फायली अभिलेखागारात टिकून राहिल्या. त्यांतील अर्ज, छायाचित्रे आणि अंगठ्यांचे ठसे यांवरून उमा धूपेलिया-मेस्त्री या इतिहासकार बाईंनी केपचे नवरे आणि हिंदुस्थानातील बायका यांच्या दुभंगलेल्या संसारांचा अभ्यास केला आहे. ज्यांच्यावर पहारा ठेवावयाचा त्यांची कागदपत्रे सरकारने जपली. म्हणूनच आज त्यांचे चेहरे आपल्याला पाहावयास मिळतात.

बायकांना बोलावून घ्यावे तर तीही वाट निर्वेध नव्हती. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम प्रकरणी निकाल दिला. बहुपत्नीकत्वास मुभा देणाऱ्या धर्माच्या विधीने झालेला विवाह प्रवेशाच्या कायद्यापुरता ग्राह्य नाही, असा त्याचा मथितार्थ होता. त्या वर्षीच्या सत्याग्रहात कस्तुरबा आणि इतर स्त्रिया उतरल्या, त्यामागे हा निकाल हे एक मोठे कारण होते. १९१४ च्या कायद्याने एका पत्नीचा आणि अज्ञान मुलांचा प्रवेश मान्य झाला. परंतु १९१३ च्या प्रवेश कायद्याने नव्या हिंदी माणसाला दार बंद केले होते, ते तसेच राहिले.

त्यानंतर १९२७ साल उजाडले. केप टाउन येथे दोन्ही सरकारांत जो समझोता झाला, त्यात हिंदी लोकांना परत पाठविण्याची योजना होती. तिला ‘साहाय्यित स्थलांतर’ असे सौम्य नाव दिले होते. जाणाऱ्या प्रौढास २० पौंड, मुलास १० पौंड आणि वर बोटीचे भाडे. त्याच वर्षीच्या कायद्याने सलग तीन वर्षे देशाबाहेर राहिलेल्याचा अधिवास संपुष्टात आणला, आणि आईवाचून एकट्या मुलाला वडिलांकडे येण्याची वाट बंद केली. मुलाला घेऊन जावे आणि बायको गावी ठेवावी ही कोकणी घरांची जुनी रीत होती. आता बापाने एक तर सारे कुटुंब न्यावे, नाही तर मुलाची आशा सोडावी. पुढे १९५३ मध्ये बाहेरून बायकामुलांना आणण्याचा हक्कही काढून घेण्यात आला.

या साऱ्या काळात केपमधून कोकणी माणसांना घाऊक रीतीने हद्दपार केले गेले नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. युगांडात ऑगस्ट १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत दिली, तेव्हा जगाने ते पाहिले. त्या घटनेवर पुस्तके लिहिली गेली. हकालपट्टीला तारीख असते, हुकूम देणाऱ्याचे नाव असते. निवासाच्या नियमाला यांतले काही नसते. तो कोणालाही ‘जा’ म्हणत नाही. राहणे तेवढे तो थोडे थोडे अवघड करीत जातो, आणि शेवटी माणूस स्वतःच अर्ज करतो. १९३१ मध्ये भवानी दयाळ संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्यांच्या स्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. ज्या देशाला आपला म्हणून ही माणसे आली, तेथे ती उपरीच ठरली होती, असे त्यांना आढळले. पण दप्तरापुरती ती ‘स्वेच्छेने’ आलेली होती.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. तसे म्हणता येत नाही. केपची वाट बंद झाल्यावर कोकणातील माणूस तेलाच्या शोधानंतर कुवेतला, सौदी अरबस्तानात, दुबईत गेला. दापोली, खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन या भागांत ‘इकामा’ आणि ‘कफील’ हे शब्द मराठी कोशात नसले तरी घरोघर ठाऊक आहेत. या देशांत तीस-तीस वर्षे राहूनही नागरिकत्व मिळण्याचा संभव जवळपास नसतो. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास निवासाचा परवाना रद्द होण्याचा नियम तेथे दीर्घकाळ सर्वपरिचित होता. १९२७ च्या कायद्यातील तीन वर्षांचे आता सहा महिने झाले होते.

सौदी अरबस्तानाने १ जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक अवलंबितावर महिना १०० रियालचा आकार बसविला, आणि तो दरवर्षी १०० ने वाढवीत २०२० मध्ये ४०० वर नेला. पत्नी आणि तीन मुले असलेल्या माणसाला पहिल्या दराने वर्षाला ४,८०० रियाल पडत होते, तेच १९,२०० झाले. कारकुनी किंवा दुकानदारी करणाऱ्याला हे पेलण्याजोगे नव्हते. कुवेतने २०२२ मध्ये कौटुंबिक व्हिसा थांबविले, आणि जानेवारी २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू करताना महिना ८०० दिनार पगाराची अट घातली. ‘कुटुंबाला घालवा’ असे यांतही कोठे लिहिलेले नाही. कुटुंबे आपली आपण परतली. बाप तेथेच राहिला, भाड्याच्या खोलीत, इतर चौघांबरोबर. केपच्या फायलींत जो संसार दिसतो तोच शंभर वर्षांनी पुन्हा मांडला गेला. फरक एवढाच की या वेळी परतलेली मुले तिकडेच जन्मली वा वाढली होती, आणि ‘गाव’ हा शब्द त्यांच्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीचा होता. मुलाला नव्या शाळेत घालताना मूळ गाव कोणते म्हणून विचारतात. त्याने काय सांगावे?

हा प्रश्न आम्ही साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवतो, त्याला कारण आहे. मराठीत परदेशस्थाचे चित्रण पुष्कळ झाले; त्यातला नायक बहुधा अमेरिकेत असतो, आणि परतावे की न परतावे हा त्याच्या मनाचा झगडा असतो. तो झगडा खोटा नाही. परंतु त्यात निवड खरोखरच त्याच्या हाती असते. हमीद दलवाई यांनी ‘इंधन’मधून कोकणातील खेड्याचे आणि तेथील मुसलमान समाजाचे अंतरंग मराठीत आणले. त्याच खेड्यांच्या समुद्रापलीकडच्या अर्ध्या भागाचे, परवान्याच्या तारखा मोजत जगणाऱ्या घरांचे, दालन मात्र आमच्या वाचनात अद्याप रितेच राहिले आहे. ज्या परतीची सक्ती कागदावर दिसत नाही, तिची गोष्ट सांगणे अवघड असते. खलनायक सापडत नाही, प्रसंग सापडत नाही, केवळ एक भरलेला अर्ज सापडतो.

रामराव देशमुखांना परत बोलावले गेले, आणि त्या परतीमागे एका राष्ट्राचा रोष उभा होता. मुदत टळल्यामुळे केपला उतरू न शकलेला माणूस आणि आकार परवडेना म्हणून मुलांना विमानात बसवून दिलेला बाप यांच्यामागे असे काही उभे राहिले नाही. दप्तराने त्यांच्या नावापुढे ‘स्वेच्छेने’ असे लिहिले. तो शब्द निदान आपण तरी जसाच्या तसा उतरवून घेऊ नये.