ऑबर्न पश्चिमेला कसं गेलं?

अमेरिकेच्या आग्नेय भागाचा नकाशा घ्यावा आणि बारा विद्यापीठांची गावं पूर्वेकडून पश्चिमेकडे ओळीनं मांडावीत. साउथ कॅरोलायनातलं कोलंबिया, मग गेन्सव्हिल, अथेन्स, नॉक्सव्हिल, लेक्सिंग्टन ही पहिली पाच. सहावं ऑबर्न, साधारण 85.5 अंश पश्चिम रेखांशावर. सातवं नॅशव्हिल, 86.8 वर. पुढे टस्कलूसा, स्टार्कव्हिल, ऑक्सफर्ड, बॅटन रूज आणि पार टोकाला आर्कान्सातलं फेएटव्हिल. सहा-सहाचे दोन गट पाडायचे तर रेघ ऑबर्न आणि नॅशव्हिल यांच्या मधून जाते. पण 1992 साली साउथईस्टर्न कॉन्फरन्सनं, म्हणजे एसईसीनं, फुटबॉलसाठी पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग केले तेव्हा ऑबर्न पश्चिमेत गेलं आणि नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट पूर्वेत. बाकीचे दहाही जण नकाशाबरहुकूम जागच्या जागी. अदलाबदल एवढी एकच.

या अदलाबदलीत माझा जीव अडकला आहे, कारण तिथली माणसं पुढे 32 हंगाम ज्या प्रश्नावर हिरीरीनं भांडली, ‘पूर्व भारी की पश्चिम’, त्याचं उत्तर तिच्यापाशी येऊन डळमळतं.

फुटबॉल म्हणजे इथे शिरस्त्राण घालून लांबट चेंडूनं खेळायचा अमेरिकन फुटबॉल, आणि कॉन्फरन्स म्हणजे आपापसांत साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. एसईसीचा जन्म 1932 च्या डिसेंबरात, नॉक्सव्हिलमध्ये. 23 सदस्यांच्या सदर्न कॉन्फरन्समधून ॲपलेशियन डोंगरांच्या पश्चिमेची आणि दक्षिणेची 13 विद्यापीठं बाहेर पडली आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. पुढची साठ वर्षं कॉन्फरन्सला विभाग नव्हते. गुणतक्त्यात वर असेल तो विजेता, बरोबरी झाली तर जेतेपद वाटून घ्यायचं.

मग विभाग आले कुठून? यावर बहुतेक जण डोळे झाकून व्यावसायिक फुटबॉलकडे, एनएफएलकडे, बोट दाखवतात. कथा झकास आहे. 1932 च्या हंगामाअखेर शिकागो बेअर्स आणि पोर्ट्समथ स्पार्टन्स बरोबरीत होते. बाहेर बर्फ आणि कडाक्याची थंडी, म्हणून निर्णायक सामना शिकागो स्टेडियमच्या छताखाली घेतला. मैदान जेमतेम 80 यार्डांचं, आणि खाली नुकत्याच होऊन गेलेल्या सर्कशीची माती. बेअर्स 9–0 जिंकले, लोकांना निर्णायक सामन्याची चटक लागली, आणि 1933 पासून एनएफएलनं पूर्व-पश्चिम विभाग करून त्यांच्या विजेत्यांचा अंतिम सामना सुरू केला.

कथा खरी आहे, पण ती एसईसीची कुळकथा नव्हे. एनएफएलचा नमुना 1933 पासून डोळ्यांसमोर होता. नक्कलच करायची तर कुणी 59 वर्षं थांबत नाही. अडसर कल्पनेचा नव्हताच, नियमाचा होता. कॉलेज क्रीडेची राष्ट्रीय संघटना, एनसीएए, हंगामात किती सामने खेळायचे यावर मर्यादा घालते. पहिल्या श्रेणीत तेव्हा ती 11 सामन्यांची होती. अंतिम सामना ठेवायचा तर त्यासाठी नेहमीच्या सामन्यांतला एक कापावा लागे, आणि घरच्या मैदानावरच्या सामन्याची तिकीटविक्री कोण सोडणार?

ही गाठ सुटली 1987 मध्ये, आणि सोडवली कुणी? दुसऱ्या श्रेणीतल्या दोन कॉन्फरन्सनी. एक पेनसिल्व्हेनिया स्टेट ॲथलेटिक कॉन्फरन्स: त्या राज्यातली, बरीचशी पूर्वीची शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयं. दुसरी 1912 साली स्थापन झालेली, कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांची सीआयएए. त्यांनी ठराव मांडला की किमान 12 सदस्यांची कॉन्फरन्स दोन विभागांत खेळत असेल, तर विभाग-विजेत्यांचा एक सामना मर्यादेत धरू नये. हे आपलं घरगुती सोयीचं कलम आहे असं समजून बड्या कॉन्फरन्सनी ते जाऊ दिलं. टेलिव्हिजनच्या झोतात जवळजवळ कधीच नसलेल्या कॉलेजांनी घातलेल्या या बीजाला पुढे टेलिव्हिजनच्या पैशाचं झाड आलं, ही मला या सगळ्या कथेतली सर्वांत मजेदार गोष्ट वाटते.

‘सगळं पैशासाठीच झालं’ हा दुसरा प्रतिस्पर्धी सिद्धान्त. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रक्षेपणावरची एनसीएएची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून प्रत्येक जण स्वतःचा माल विकायला मोकळा झाला. मान्य. पण पैशाची भूक सगळ्यांनाच होती. कलम वाचलं एसईसीचे आयुक्त रॉय क्रेमर यांनी. दहा सदस्यांचे बारा केले, आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना आत घेतले, आणि 5 डिसेंबर 1992 रोजी बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर पहिला अंतिम सामना लावला. अपराजित अलाबामाला हा जादा सामना म्हणजे विकतचं दुखणं होतं. हरले तर राष्ट्रीय जेतेपदाची आशा संपली. फ्लोरिडाशी 21–21 अशी बरोबरी, तीनेक मिनिटं उरलेली, चेंडू फ्लोरिडाकडे. शेन मॅथ्यूजनं फेकलेला पास अलाबामाच्या अँटोनियो लँगहॅमनं मध्येच झेपावून पकडला आणि 27 यार्ड धावत जाऊन गुण केले. 28–21. त्या एका झेपेनं क्रेमर यांचा प्रयोग तरला असं मी ठामपणे म्हणतो. अलाबामा पुढे राष्ट्रीय विजेता झाला आणि टीकाकारांची तोंडं बंद झाली.

आता ती अदलाबदल. काही जण म्हणतात, बळ समसमान राहावं म्हणून ती केली. मला हे साफ नामंजूर. 1983 ते 1989 या सात हंगामांत ऑबर्ननं चार वेळा एसईसीचं जेतेपद जिंकलं किंवा वाटून घेतलं होतं. अलाबामा तर परंपरेनं सगळ्यांत बलाढ्य. तोल साधायचा असता तर या दोघांना एकाच पारड्यात कुणी घातलं असतं? आणि समोरच्या पारड्यात कोण, तर व्हँडरबिल्ट! फ्लोरिडाचं पहिलं अधिकृत एसईसी जेतेपद 1991 चं, म्हणजे पूर्वेचा पुढचा दरारा तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

खरं कारण घरचं आहे. ऑबर्न आणि अलाबामा एकाच राज्यातले हाडवैरी. 1907 नंतर खेळाडूंचा भत्ता आणि पंच यांवरून त्यांचं बिनसलं, ते 1948 पर्यंत एकमेकांशी खेळलेच नाहीत. 41 वर्षांचा अबोला सुटल्यावर हा वार्षिक सामना पुन्हा धोक्यात घालायची कुणाची छाती होती? तसंच टेनेसी राज्यातलं व्हँडरबिल्ट आणि टेनेसी विद्यापीठ यांचं. ऑबर्नची जुनी नाळ मात्र पूर्वेशीच जुळलेली होती. पहिल्या अकरा हंगामांत प्रत्येक संघाला समोरच्या विभागातले दोन प्रतिस्पर्धी कायमचे दिलेले असत. ऑबर्नला मिळाले जॉर्जिया आणि फ्लोरिडा. जॉर्जियाशी त्यांचा सामना 1892 पासूनचा.

हिशेब बघा. 1992 ते 2023 या काळातल्या 32 अंतिम सामन्यांत पश्चिम 19, पूर्व 13. पश्चिमेच्या 19 पैकी अलाबामाचे 11, लुइझियाना स्टेटचे 5 आणि ऑबर्नचे 3. ऑबर्नला नकाशाप्रमाणे पूर्वेत बसवा: 16–16. ऑबर्न पूर्वेत असतं तर त्याची वाट वेगळी असती, पश्चिमेतून दुसराच कुणी आला असता, हे आक्षेप मला पाठ आहेत आणि ते बरोबरही आहेत. पण हा आकडा मला सोडवत नाही.

शिवाय ‘विभागाचं बळ’ म्हणजे नक्की कुणाचं? 2008 पर्यंत पूर्व 11–6 पुढे होती, कारण आधी प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर यांचं फ्लोरिडा होतं. नंतरच्या 15 सामन्यांत पश्चिम 13–2, कारण निक सेबन अलाबामाचे प्रशिक्षक होते. रणजीत पश्चिम विभाग बलवान म्हणायचा की मुंबई, हाच तो वाद. विभागातून एकच संघ पुढे जात असे त्या काळात महाराष्ट्राच्या वाट्याला काय आलं, ते ओल मिसच्या, म्हणजे ऑक्सफर्डच्या मिसिसिपी विद्यापीठाच्या, चाहत्याला चटकन कळेल. त्यांचा संघ पश्चिमेत असताना एकदाही अंतिम सामन्यात पोचला नाही.

सरासरी बळ मोजावं म्हटलं तर सामनेच पुरेसे नाहीत. 2012 मध्ये चौदा संघ झाले आणि प्रत्येकाला समोरच्या विभागाशी वर्षाला दोनच सामने उरले. त्याच वर्षी टेक्सास ए अँड एम पश्चिमेत आलं. विभाग मोडेपर्यंत जॉर्जिया एकदाही त्यांच्या गावी खेळायला गेला नाही. मिसूरीही तेव्हाच आलं आणि पश्चिमेच्या सातपैकी पाच गावांच्याही पश्चिमेला असून पूर्वेत बसलं. बसून 2013 आणि 2014 ची ‘पूर्व’ जिंकलंही.

2014 चा शेवट तर पश्चिमेच्या चाहत्यांसमोर काढूच नये. ऑक्टोबरअखेर राष्ट्रीय प्लेऑफची पहिली क्रमवारी आली तेव्हा पहिल्या चारांत पश्चिमेचे तीन संघ होते: मिसिसिपी स्टेट, ऑबर्न, ओल मिस. हंगामानंतरच्या बोल सामन्यांत हाच विभाग बाहेरच्यांशी खेळून 2 जिंकला, 5 हरला. कच्चीलिंबू ठरवलेली पूर्व पाचपैकी पाच जिंकली.

बिग टेन या दुसऱ्या बड्या कॉन्फरन्सनं 2011 मध्ये खरोखरच तोल साधून विभाग पाडले, पण ‘लेजंड्स’ आणि ‘लीडर्स’ ही नावं देऊन हसं करून घेतलं. 2014 ला ते नकाशाकडे वळले आणि पुढचे दहाही अंतिम सामने पूर्वेनं जिंकले.

2022 मध्ये एनसीएएनं विभागांची अट काढली. एसईसीचा शेवटचा विभागीय हंगाम 2023 चा. अलाबामानं जॉर्जियाला 27–24 हरवलं आणि महिनाभरानं सेबन निवृत्त झाले. 2024 पासून टेक्सास आणि ओक्लाहोमा धरून सोळा संघ एकाच तक्त्यात आहेत, आणि वरचे दोघं अंतिम सामना खेळतात. पहिल्याच वर्षी टेक्सास तिथवर पोचलं आणि लगेच ओरड झाली की त्यांच्या वाट्याला सोपे प्रतिस्पर्धी आले.